तुरुंगातून सुटून येणाऱ्याला सोबत देताना प्रार्थनेची अट घालावी का?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपल्या प्रार्थनामंडळातील पाच-सहा जण, सहा वर्षांची शिक्षा भोगून दोन महिन्यांनी सुटणाऱ्या एका गृहस्थांना आधार देऊ इच्छितात. तुरुंगात असताना ते नियमित प्रार्थना करू लागले आणि त्यांची पत्रे श्रद्धेने ओथंबलेली असतात. परंतु मंडळातील दोघांना हे ढोंग वाटते. म्हणून ‘दर आठवड्याच्या प्रार्थनेला हजर राहिले तरच मदत’ अशी अट घालावी काय, पैसे किती द्यावेत आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी स्वतः एका छोट्या प्रार्थनागटातर्फे हे काम एकोणीस वर्षे करीत आहे, आणि आपल्या प्रश्नाची मांडणी मला थोडी बदलावीशी वाटते. त्यांची श्रद्धा खरी की खोटी, याचा निवाडा आपल्याला करता येणार नाही आणि तो करण्याची गरजही नाही. सुटकेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते प्रार्थनेला यायचे थांबण्याची शक्यता मोठी आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक जण थांबले. त्या वेळी आपल्यापैकी कोणी त्यांच्या दारापर्यंत जाणार आहे काय, हे आजच ठरवायला हवे. हजेरीची अट घातली, तर ज्या आठवड्यात त्यांना आपली सर्वाधिक गरज असेल नेमक्या त्याच आठवड्यात आपण आपल्याच नियमाने बांधले जाऊन पाठ फिरवू.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, हे आधीच सांगून टाकतो. गुन्हा कोणत्या प्रकारचा होता, व्यसन होते काय, घरी कोणी वाट पाहत आहे की दार बंद झाले आहे, सुटका बिनशर्त आहे की हजेरीची, देखरेखीची वा विशिष्ट ठिकाणी न जाण्याची बंधने आहेत, यांवर बरेच काही ठरते. ही माहिती आपण दिलेली नाही आणि ती चारचौघांत द्यायलाही नको. म्हणून पुढचे सारे मी सर्वसाधारणपणे सांगतो. कायदेशीर बंधनांच्या बाबतीत मात्र माझ्या किंवा कोणाच्याही अनुभवापेक्षा त्यांच्या सुटकेच्या कागदावर लिहिलेले वाक्य प्रमाण माना.

आता ढोंगाच्या शंकेविषयी. तुरुंगातील श्रद्धेमागे हेतू मिसळलेले असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रार्थनेच्या निमित्ताने कोठडीबाहेर पडता येते, त्या घोळक्यात मारहाणीचे भय कमी असते, अधिकाऱ्यांचा शेरा चांगला पडतो. परंतु तेवढ्याने सारे उलगडत नाही. गुन्हेगारीचे अभ्यासक शॅड मरूना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील तुरुंगांत श्रद्धेकडे वळलेल्या 75 पुरुषांच्या मुलाखती घेऊन 2006 मध्ये जे मांडले, ते मला माझ्या अनुभवाशी जुळणारे वाटले: ‘मी कोण’ या प्रश्नाचे जुने उत्तर तुरुंगात कोसळते, आणि श्रद्धा त्या माणसाला नवी ओळख, वाया गेलेल्या वर्षांना काही अर्थ आणि क्षमेची भाषा देते. अशी ओळख खोटी नसते, पण ती कोवळी असते. शिवाय तिला आत एक टेकू असतो, ज्याचा विचार बाहेरची माणसे करीत नाहीत. आत घंटा वाजते, रांग लागते, वेळ ठरलेली असते आणि दुसरे करण्यासारखे फारसे काही नसते. बाहेर आल्यावर घंटा वाजत नाही. सहा वर्षे ज्याने एकही दिवस स्वतः आखलेला नाही, त्याला सकाळी उठून कामाच्या शोधात जाणे, एखाद्या कार्यालयात ताटकळणे, घरच्यांचे टोमणे ऐकणे आणि तरीही संध्याकाळी प्रार्थनेला पोहोचणे हे सारे एकदम साधत नाही. त्यामुळे त्यांची हजेरी घसरली, तर ‘पाहा, आम्ही म्हणत होतो’ असे म्हणण्याची घाई करू नये.

अटीविरुद्ध माझे दुसरे कारण मिंधेपणाचे आहे. ज्याच्या हाती निवारा नाही, पैसा नाही आणि नाव वाईट झालेले आहे, त्याला ‘आमच्यासोबत प्रार्थना करा, मग मदत मिळेल’ असे सांगितले, तर तो होच म्हणेल, आणि त्या होकारातून आपल्याला त्याच्याविषयी काहीच कळणार नाही. ज्या ढोंगाची आपल्या दोन सहकाऱ्यांना धास्ती आहे, ते ढोंग अट घालून आपणच शिकवू. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या, कैद्यांना द्यायच्या वागणुकीविषयीच्या आणि नेल्सन मंडेला यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांतील 65वा नियम येथे उपयोगी पडतो: कैद्याला कोणत्याही धर्माच्या प्रतिनिधीची भेट नाकारता येत नाही, आणि त्याला अशी भेट नको असेल तर त्याच्या इच्छेचा पूर्ण मान राखला पाहिजे. कोठडीत असलेल्या माणसाला जो नकाराचा हक्क आहे, तो सुटलेल्या माणसाकडून आपण काढून घ्यावा हे मला विचित्र वाटते. अमेरिकेतील आयोवा राज्यात न्यूटन येथील तुरुंगात प्रिझन फेलोशिप या ख्रिस्ती संस्थेचा, कैद्यांच्या सुधारणेसाठी श्रद्धेवर आधारलेला एक कार्यक्रम चालत असे. त्यात भाग घेणाऱ्यांना राहण्याच्या बऱ्या सोयी मिळत आणि त्याला सरकारी पैसाही जात असे. तेथील संघीय न्यायालयाने 2006 मध्ये हा प्रकार राज्यघटनेविरुद्ध ठरवला आणि 2007 मध्ये वरच्या न्यायालयाने त्या निर्णयाचा मुख्य भाग कायम ठेवला. आपले मंडळ खासगी आहे, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागू नाही. परंतु सोयीच्या बदल्यात श्रद्धा मागितली की दोन्ही गढूळ होतात, हे त्यातून दिसतेच.

याच संस्थेच्या टेक्सासमधील कार्यक्रमाची गोष्ट मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगतो, कारण ती आपल्यासारख्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारी आहे. संस्थेचे संस्थापक चार्ल्स कोल्सन स्वतः तुरुंगवास भोगून आलेले होते, आणि हा कार्यक्रम 1997 मध्ये सुरू झाला. 2003 मध्ये त्याच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मोठा गाजावाजा झाला: कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत सुमारे 8 टक्केच पुन्हा तुरुंगात गेले होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर कैद्यांत हे प्रमाण सुमारे 20 टक्के होते. मात्र त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. कार्यक्रमात दाखल झालेल्या सर्व 177 जणांचा, म्हणजे मध्येच गळालेल्यांसह, हिशोब केला तर पुन्हा तुरुंगात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 24 टक्के होते. ‘पूर्ण करणारे’ फक्त 75 होते, आणि सुटल्यावर तीन महिने नोकरी टिकवणे ही पूर्णतेची एक अटच होती. सार्वजनिक धोरणाचे अभ्यासक मार्क क्लायमन यांनी तेव्हाच दाखवून दिले, की जे टिकले तेवढेच मोजले तर कोणतीही योजना यशस्वी दिसते. हजेरीची अट घालणारे मंडळ नकळत हेच करते: जे येतात ते ‘आपले’, जे गळतात ते मोजणीतच नाहीत. पुढे मिनेसोटा राज्यात याच धर्तीच्या कार्यक्रमाचा अधिक काटेकोर अभ्यास झाला, तेव्हा गुन्ह्यांकडे परतण्याचे प्रमाण खरोखर कमी झालेले आढळले. तेथे तुरुंगात भेटणारा स्वयंसेवक सुटकेनंतरही सोबत राहत असे, आणि मला त्यातला हाच धागा महत्त्वाचा वाटतो.

मग अटच नको काय? हवी, पण ती वागणुकीची असावी. आमच्या गटात तीनच अटी आहेत. ठरलेल्या भेटीला येता येत नसेल तर आधी कळवायचे. नशेत भेटीला यायचे नाही, आणि तसे झालेच तर आम्ही त्या दिवशी परत पाठवू पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू. आणि कोणाच्या जिवाला धोका होईल असे काही कानावर आले तर आम्ही ते गुप्त ठेवणार नाही. ही तिसरी अट पहिल्याच भेटीत, सुटकेच्याही आधी, स्पष्ट शब्दांत सांगावी. विश्वास बसल्यावर मागाहून सांगितली तर ती विश्वासघातासारखी वाटते.

सुरुवात सुटकेच्या दिवसापासून करू नका. आपल्या हाती दोन महिने आहेत. तुरुंगाच्या नियमांनुसार भेटीची परवानगी मिळत असेल तर किमान तीनदा भेटा, आणि त्या भेटींत प्रवचन करू नका. ‘दाराबाहेर पडल्यावर पहिली रात्र कोठे झोपणार?’ हा माझा ठरलेला पहिला प्रश्न असतो. मंडेला नियमांतील 108वा नियम सुटणाऱ्या माणसाजवळ काय असावे ते सांगतो: ओळखीची कागदपत्रे, राहण्याची जागा आणि काम, हवामानाला साजेसे कपडे, मुक्कामी पोहोचण्यापुरते आणि लगेचच्या काळात निभावण्यापुरते साधन. ही यादी समोर ठेवून एकेक बाब विचारा. कोणते कागद हरवले आहेत, ते काढायला किती दिवस लागतील, कोणती औषधे चालू आहेत, आत मिळणारा साठा किती दिवस पुरेल, पुढची चिठ्ठी कोण लिहून देणार. तुरुंगसुधारणेसाठी झटलेल्या एलिझाबेथ फ्राय 1813 मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या, त्या तेथल्या बाळांसाठी उबदार कपडे घेऊन. त्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कट्टर श्रद्धावान होत्या, आणि तरीही पहिल्यांदा त्यांनी थंडीची सोय पाहिली.

सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात, आणि येथे मी शब्द जपून वापरणार नाही: या दिवसांत माणसे मरतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक कैद्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका, वय-लिंग यांचा मेळ घालूनही, त्या राज्यातील इतर रहिवाशांच्या जवळजवळ 13 पट होता, आणि सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेक हे होते. कारण समजायला सोपे आहे. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, माणूस बाहेर येऊन जुन्या मापाने घेतो, आणि ते माप आता त्याला झेपत नाही. आपल्या गृहस्थांना व्यसनाचा इतिहास असेल, तर ‘आता ते देवाला मानतात, तसे काही होणार नाही’ असे कृपया धरून चालू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची भेट सुटकेच्या आधीच ठरवून ठेवा आणि या विषयावर त्यांच्याशी उघड बोला. पहिले चौदा दिवस मंडळातील कोणी ना कोणी त्यांच्याशी रोज बोलेल, अशी पाळी लावा. बोलणे पाच मिनिटांचे असले तरी चालते.

पाळी लावा असे म्हणालो, कारण हे काम एकट्याने अंगावर घेऊ नये. मी पहिल्या माणसाची सोबत एकट्यानेच केली. रात्री-अपरात्री फोन येत, मी थकून जाई, मग चिडे, मग चिडल्याची लाज वाटून दुप्पट मदत करी. आठ महिन्यांनी आम्ही दोघेही एकमेकांना टाळू लागलो. कॅनडातील हॅमिल्टन शहरात 1994 मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एका पाळकाने (धर्मगुरूने), लैंगिक गुन्ह्यांची पूर्ण शिक्षा भोगून आलेल्या आणि सारे शहर ज्याला घाबरत होते अशा एका माणसाभोवती आपल्या मंडळीतील काही जणांचे वर्तुळ उभे केले. त्यातून आधार आणि जबाबदारी या दोहोंवर उभी असलेली वर्तुळांची पद्धत रूढ झाली आणि अनेक देशांत गेली. चार ते सात स्वयंसेवक, मध्यभागी तो एक माणूस, नियमित बैठक, आणि मागे सल्ला देणारे जाणकार. नव्याने कोणाचा बळी जाऊ नये आणि कोणताही माणूस टाकाऊ समजला जाऊ नये, ही त्या पद्धतीची दोन सूत्रे आहेत. ती दोन्ही एकाच दमात म्हटली जातात हे ध्यानात ठेवावे, कारण आपल्यासारख्या श्रद्धाळू मंडळींचा कल दुसऱ्या सूत्राकडे अधिक झुकतो.

म्हणूनच, गुन्हा मुलांविरुद्धचा असेल तर मुले असलेल्या कोणत्याही उपक्रमात त्यांना जागा नसावी, प्रार्थनेच्या ठिकाणी त्यांच्यासोबत कायम एक ठरलेली व्यक्ती असावी आणि हे सारे लिहून, त्यांच्या सहीने ठरवावे. देखरेख करणारा अधिकारी असेल तर त्याला हे ठाऊक असावे. ‘देवाने क्षमा केली, आपण संशय का घ्यावा’ असे कोणी म्हणेल. त्यांना सांगा की या मर्यादेमुळे त्या गृहस्थांचेही संरक्षण होते, कारण उद्या खोटा आळ आला तर साक्ष द्यायला कोणीतरी असेल. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडे क्षमा मागायला त्यांना परस्पर पाठवू नका. पीडितांना ती भेट हवी आहे की नाही हे पीडितच ठरवतील, आणि अनेकांना ती कधीच नको असते.

पैशांबाबत माझे मत ठाम आहे: कोणीही वैयक्तिक उसने देऊ नये. वर सांगितलेल्या पहिल्या माणसाला मी तीनदा उसने दिले. त्याला ते फेडता आले नाहीत आणि तो मला तोंड दाखवेनासा झाला. त्या पैशांनी मी त्याचा माझ्याकडे येण्याचा रस्ताच बंद केला होता. आता आमच्या गटाची एक छोटी सामाईक पेटी आहे. तिच्यातून प्रवास, औषध, कागदपत्रांचे शुल्क, कामाला लागणारी अवजारे किंवा पादत्राणे यांचा खर्च थेट भागवला जातो, दोन जणांच्या संमतीने, आणि ती रक्कम परत मागितली जात नाही. किती द्यावे याचे उत्तर आपल्या पेटीवर अवलंबून आहे. परंतु जितके दिल्यावर आपल्या मनात ‘इतके केले तरी’ हे शब्द उमटणार नाहीत तितकेच द्यावे. कामाच्या बाबतीत एवढेच सांगतो, की मालकापासून शिक्षेची गोष्ट लपवून मिळवून दिलेली नोकरी सहसा टिकत नाही आणि शिफारस करणाऱ्याची पतही घालवते.

घरच्यांचा विचार आपल्या प्रश्नात कोठेही नाही, आणि ही चूक मीही अनेक वर्षे केली. सहा वर्षांत घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेले असते. पत्नीने निर्णय घ्यायची सवय लावून घेतलेली असते, मुले मोठी झालेली असतात, त्यांना शाळेत काय ऐकावे लागले हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नसते. अशा घरात हा माणूस नव्या श्रद्धेच्या उत्साहाने येतो आणि सर्वांना पहाटे उठवून प्रार्थनेला बसवू पाहतो! एका घरात हेच भांडणाचे पहिले कारण झालेले मी पाहिले आहे. तेथील मुलीने मला जे ऐकवले ते मी विसरलो नाही: ‘बाबांना तुम्ही लोकांनी क्षमा केली, पण आम्हाला कोणी विचारलेच नाही.’ मंडळातील एखादी व्यक्ती केवळ घरच्यांसाठी ठेवा. तिने त्या गृहस्थांची बाजू मांडू नये. घरच्यांना परत एकत्र राहायचे नसेल तर तेही ऐकून घ्यावे.

आणखी एक मोह टाळा, तो म्हणजे व्यासपीठाचा. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची गोष्ट सर्वांना प्रिय असते, परंतु त्या गोष्टीत अंगावर वारूळ चढेपर्यंतचा काळ गेलेला आहे, आणि आपण तिसऱ्याच महिन्यात माणसाला माईकसमोर उभे करतो. आमच्या गटाने एकाला असे उभे केले होते. तो फार सुंदर बोलला, लोकांचे डोळे पाणावले, दुसऱ्या दोन ठिकाणांहून बोलावणी आली. पुढे एका रात्री तो पुन्हा प्यायला, आणि नंतर पाच महिने आमच्याकडे फिरकला नाही. कारण विचारले तेव्हा म्हणाला, ‘ज्यांना रडवले त्यांच्यासमोर कसा येऊ?’ साधा माणूस म्हणून तो आला असता. तेव्हापासून पहिली दोन वर्षे आम्ही कोणालाही आपली कहाणी सार्वजनिक सांगायला लावत नाही. त्याऐवजी खुर्च्या लावण्याचे, हिशोब लिहिण्याचे, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचे असे काम देतो, ज्यात त्यांचा भूतकाळ विषयच नसतो.

आपल्या त्या दोन साशंक सहकाऱ्यांना बाजूला ठेवू नका. भाबड्या माणसाचा एकदा अपेक्षाभंग झाला की तो दुरावतो. ज्याने मुळातच फारशी अपेक्षा ठेवलेली नाही, तो अनेकदा शेवटपर्यंत टिकतो. आमच्या गटातील सर्वांत संशयखोर गृहस्थ आज अकरा वर्षे एका माणसाला दर मंगळवारी भेटतात. तो माणूस प्रार्थनेला एकदाही आलेला नाही, मध्यंतरी एका चोरीसाठी चार महिने पुन्हा आत जाऊन आला, आणि त्या चार महिन्यांतही हे त्याला भेटायला जात होते. आता तो एका गोदामात रात्रपाळी करतो.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. मंडळातील चार ते सहा जण निश्चित करा, त्यांच्याकडून निदान एक वर्षाचा शब्द घ्या, आणि आठवड्यातील दोन वेळा ठरवा: एक प्रार्थनेची, दुसरी नुसत्या भेटीची, वेगळ्या दिवशी. मग त्या गृहस्थांना पत्र लिहा. दोन्ही वेळा कळवा, आणि पहिलीला आला नाहीत तरी दुसरीला आपली वाट पाहिली जाईल, हे वाक्य त्या पत्रात स्वच्छ अक्षरांत असू द्या. खाली सर्वांच्या सह्या करा, त्या दोघांच्याही.